नागपूरचं ऊन अन् गच्चीवरच्या कुंड्या: दोनदा पाणी टाकूनही झाडं माना टाकून राहिली, काय करू?

गच्चीवरची_जाई (नागपूर)

नमस्कार मंडळी, जरा लांबलचक होईल पण सगळं सांगितल्याशिवाय कोणाला उत्तर देता येणार नाही म्हणून लिहून राहिली. आमची गच्ची मोकळी, पश्चिमेला काहीच आडोसा नाही, त्यामुळे दुपारी एकपासून दिवस मावळेपर्यंत थेट ऊन. तीसेक कुंड्या आहेत, जास्वंद, मोगरा, गुलाब, तुळस, कढीपत्ता, अडेनियम, एका ड्रममध्ये लिंबू, अन् जिन्याजवळ सावलीत स्नेक प्लांट, मनी प्लांट वगैरे. थोड्या मातीच्या कुंड्या, बाकी सगळ्या काळ्या प्लास्टिकच्या. माती म्हणाल तर जास्वंदीच्या कुंड्यांत इकडचीच काळी माती शेणखत मिसळून आहे, गुलाब नर्सरीतून आणले तसेच कोकोपीटच्या (नारळाच्या काथ्याच्या भुशाच्या) मिक्समध्ये आहेत.

एप्रिलपर्यंत सगळं छान होतं. आता पारा ४४-४५ च्या खाली यायलाच तयार नाही अन् दुपारी दोन-तीनला वर गेलं की जास्वंद आणि तुळस पार माना टाकून. सकाळी पाणी टाकते, संध्याकाळी टाकते. सासूबाई म्हणतात दुपारीही टाक, तहानलेली दिसतात बिचारी. शेजारच्या काकू म्हणतात दुपारी चुकूनही टाकू नको, पानं जळतात. जास्वंदीची खालची पानं पिवळी पडून गळून राहिली, गुलाबाच्या पानांच्या कडा करपल्यात, आणि गुलाबाचं तर कळतच नाही, पाणी टाकलं की दहा सेकंदात खालून बाहेर, तरी झाड सुकलेलंच.

तर दिवसातून किती वेळा आणि किती पाणी टाकायचं? आणि कूलरच्या टाकीतलं उरलेलं पाणी कुंड्यांना चालतं का? नवतपा, म्हणजे मे अखेरचे ते नऊ कडक उन्हाचे दिवस, अजून यायचाच आहे, त्याआधी काहीतरी करावं म्हणते.

---

वऱ्हाडी_बागवान (अकोला)

ताई, अकोल्याहून लिहून राहिलो, म्हणजे ऊन तुमच्यासारखंच, कधी कधी तुमच्यापेक्षा जास्तच.

सगळ्यात आधी एक करा, दुपारी दोनला झाडाकडे पाहून पाण्याचं ठरवणं बंद करा. त्या वेळी पानातून पाणी इतक्या जोरात उडत असतं की मुळं पुरवठा करूच शकत नाहीत, माती ओली असली तरी. जास्वंद, तुळस, भोपळ्या-काकडीचे वेल यांची पानं मोठी नाहीतर पातळ, त्यामुळे ती लगेच लोंबतात. ऊन उतरलं की आपोआप वर येतात. म्हणून झाड पाहायचं ते सकाळी सहाला. रात्रभराच्या गारव्यानंतरही मान खालीच असेल तर खरोखर काहीतरी बिघडलंय समजा.

आता बिघडलंय म्हणजे पाणी कमीच पडलं असं नाही, आणि लोक नेमकं इथंच फसतात. जास्त पाण्यानेही झाड तसंच माना टाकतं. मातीतल्या फटींमधे हवा असते, मुळांना ती लागते. सतत पाणी भरलेलं राहिलं की हवा संपते, मुळं गुदमरतात, कुजतात, अन् कुजलेलं मूळ पाणी ओढू शकत नाही. वर झाड सुकलेलं, खाली चिखल. ते पाहून माणूस अजून पाणी टाकतो आणि झाड जातं. तुमच्या जास्वंदीची खालची पानं पिवळी पडून गळतात, ती काळ्या मातीत आहे, दोन वेळ पाणी चालू आहे, मला तरी हेच वाटून राहिलं. पण अंदाजावर जाऊ नका, तपासा.

तपासायचं कसं, तर वरून माती पाहून नाही. या उन्हात वरचा थर तासाभरात वाळून पांढरा पडतो, खाली गच्च ओलं असू शकतं. बोट दोन पेरं आत घाला, मोठ्या कुंडीत अगरबत्तीची काडी किंवा विणायची सुई खालपर्यंत घालून पाच मिनिटं ठेवा. काडी ओली, माती चिकटलेली निघाली तर पाणी नाही द्यायचं, कितीही ऊन असो. छोट्या कुंड्या तर उचलूनच कळतात, कोरडी कुंडी हाताला लगेच हलकी लागते.

किती टाकायचं याचं उत्तर म्हणजे खालच्या भोकातून निघेपर्यंत. १२ इंची कुंडीला साधारण दीड-दोन लिटर लागतं. सकाळी अर्धा मग, संध्याकाळी अर्धा मग असं शिंपडलं की वरचा दोन इंचाचाच थर ओला होतो, मुळंही मग वरच फिरतात अन् उन्हात सगळ्यात आधी तीच भाजतात. एकदाच द्या पण पोटभर द्या, सकाळी सातच्या आत. मातीच्या कुंड्या बाजूनेही पाणी सोडतात म्हणून त्या लवकर कोरड्या पडतात, पण त्याच कारणाने आत गार राहतात, संध्याकाळी त्यांना तपासून परत लागू शकतं. प्लास्टिकमधे पाणी टिकतं पण काळं प्लास्टिक ऊन ओढून घेतं आणि कडेची मुळं उकडतात, त्यामुळे त्या कुंड्यांना बाहेरून चुना मारा नाहीतर गोणपाट गुंडाळा. आणि गच्चीच्या स्लॅबवर थेट ठेवू नका, खाली दोन विटा टाका. स्लॅब रात्री दहापर्यंत तापलेला असतो हो.

---

मुठाकाठची_माळीण (पुणे)

वरचा प्रतिसाद उत्तमच आहे, मी फक्त दुपारच्या पाण्याबद्दल आणि त्या गुलाबाबद्दल लिहिते.

पाण्याचा थेंब भिंगासारखं काम करतो आणि पान जाळतो असं सगळेच म्हणतात, पण गुळगुळीत पानांवर तसं होत नाही. थेंब पानाला इतका चिकटून असतो की किरण पानाच्या पलीकडे एकत्र येतात, आणि त्याआधी थेंब वाळूनही जातो. दाट लव असलेल्या पानांवर थेंब केसांवर तोलून राहतो तिथे थोडी शक्यता असते, बाकी भीती नाही. तरीही काकूंचं म्हणणं ऐका, कारण दुपारचं खरं संकट वेगळंच आहे, ते म्हणजे पाईपमधलं पाणी. गच्चीवर उन्हात पडलेल्या पाईपमधलं पाणी आणि काळ्या टाकीतलं पाणी दुपारी हाताला चटका देतं, ते मुळांवर ओतणं म्हणजे छळ आहे. सकाळीसुद्धा पाईपमधलं आधीचं पाणी बादलीत सोडून द्या, हात घालून बघा, गार लागलं की मगच कुंडीत. आणि कधी दुपारी कुंडी खरंच खडखडीत कोरडी सापडली, काडी खालपर्यंत कोरडी, तर संध्याकाळची वाट बघत बसू नका. कुंडी सावलीत ओढा, माठातलं किंवा घरातल्या बादलीतलं पाणी मातीवर हळूहळू द्या. कोरड्या झाडाला चार तास थांबवणं जास्त वाईट.

गुलाबाचं दहा सेकंदात पाणी बाहेर येतं ते कोकोपीटमुळे. कोकोपीट एकदा पूर्ण वाळलं की ते पाणी पीतच नाही, अंग चोरतं, आकसून कुंडीच्या भिंतीपासून सुटतं आणि त्या फटीतून सगळं पाणी सरळ खाली. आपल्याला वाटतं भरपूर दिलं, आणि मधला मुळांचा गड्डा कोरडाच राहतो. काळी माती वाळल्यावर भेगा पडतात तिथेही हेच होतं. उपाय सोपा आहे, टबमध्ये पाणी घ्या, कुंडी त्यात निम्म्यापर्यंत बुडेल अशी ठेवा, अर्धा-पाऊण तास. खालून पाणी चढत वरची माती काळपट ओली दिसायला लागली की बाहेर काढून निथळू द्या. बुडबुडे येताना दिसतील, ती आत अडकलेली हवा. एवढ्या कुंड्या टबात ठेवणं शक्य नसेल तर वरची माती खुरप्याने हलकी मोकळी करून फटी बुजवा आणि पाणी दोन हप्त्यांत द्या, आधी थोडं, दहा मिनिटांनी बाकीचं. पहिल्या पाण्याने कोकोपीट नरम पडतं, दुसरं मुरतं.

आणि कृपा करून आत्ता खत घालू नका कोणी. झाड कोमेजलं की युरिया किंवा डीएपीचे दाणे टाकायची सवय असते लोकांना, या उन्हात कोरड्या मातीत ते मुळं जाळतं. कुंडी बदलणं, जोरात छाटणी, सगळं पाऊस पडेपर्यंत बाजूला ठेवा.

---

नागपुरी_संत्रा (नागपूर)

कूलरचं मी सांगतो कारण इथे घरोघरी कूलर अन् घरोघरी हाच प्रश्न. नका टाकू. कूलरमधे दिवसभर पाणी उडून जातं पण त्यातले क्षार टाकीतच राहतात, आपण वरून परत पाणी भरतो, परत क्षार, असं करत करत ते पाणी भलतंच खारट होतं. गवताच्या पॅडवर पांढरी पुटं चढतात पहा, तेच. बोअरचं पाणी भरत असाल तर विचारूच नका. गुलाबाच्या कडा करपण्यात गरम वाऱ्याचा हात असेलच पण कुंडीच्या काठावर अन् मातीवर पांढरी बुरशीसारखी पण कडक पापडी दिसत असेल तर ते क्षार आहेत. तसं असेल तर एखाद्या सकाळी नळाचं चांगलं पाणी, कुंडीत जेवढी माती तेवढ्याच्या दुप्पट, हळूहळू ओतून सगळं खालून वाहू द्या, क्षार धुऊन निघतात. आधी भोक मोकळं आहे का ते पहा मात्र.

आरओचं वाया जाणारं पाणीही रोज नको, त्यात क्षार जास्तच असतात. एसीच्या नळीतून टपकतं ते मात्र बिनधास्त टाका, ते हवेतलं पाणी आहे, क्षार जवळपास नसतातच.

शेडनेट लावली नसेल तर आजच्या आज लावा ताई. ५० टक्क्यांची, म्हणजे निम्मं ऊन अडवणारी हिरवी जाळी, झाडांच्या वर दोन-तीन फूट मोकळी जागा सोडून, आणि पश्चिमेची बाजू खालपर्यंत झाका कारण मारतं ते तिकडूनच. जाळी पानांना टेकू देऊ नका, तापलेली जाळी चटके देते. अन् दोरी घट्ट बांधा, मे महिन्यात संध्याकाळी आपल्याकडे वावटळ कशी येते माहीतच आहे. मोगरा जाळीच्या कडेला ठेवा, त्याला सकाळचं ऊन भरपूर पाहिजे, अडेनियम आणि बोगनवेल असेल तर जाळीबाहेर राहिली तरी चालतं. नवतपा २५ मेच्या आसपास लागतो, तोवर जाळी अन् विटा एवढं झालं तरी निम्मं काम झालं, पाणी त्यानंतरचं.

---

मांजराकाठी (लातूर)

तुम्ही सगळे टब आणि दुप्पट पाणी म्हणताय, आमच्याकडं नळाला पाणी कधी येईल याचीच वाट बघत बसावं लागतं. २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं होतं लातूरला, त्या उन्हाळ्यापासून आमच्या घरात एक थेंब नुसता सांडत नाही. तरी झाडं ठेवलीत आणि ती जगलीत, म्हणून सांगतो.

तांदूळ-डाळ धुतलेलं, भाजी धुतलेलं पाणी वेगळ्या बादलीत साठवायचं, त्याच दिवशी वापरायचं, शिळं झालं की वास येतो आणि चिलटं होतात. मीठ पडलेलं, साबणाचं अजिबात नको. मोठ्या कुंड्यांत आणि ड्रममधे मडकं पुरायचं. लहान, न भाजलेलं नाही हां, भाजलेलंच पण रंग किंवा चकाकी न लावलेलं. गळ्यापर्यंत मातीत, तोंडावर झाकणी, म्हणजे डास होत नाहीत. आत पाणी भरून ठेवलं की मडक्याच्या अंगातून ते झिरपतं, माती कोरडी असेल तसं जास्त, ओली असेल तसं कमी. मुळं स्वतःहून मडक्याला येऊन बिलगतात. वरची माती कोरडीच राहते त्यामुळं उडून जाणारं पाणी वाचतं. तुमच्या लिंबाच्या ड्रमला हे फार चांगलं, कारण लिंबाला एक दिवस कोरडं आणि एक दिवस पूर असं झालं की फुलं गळतात, फळं तडकतात. त्याला सारखी ओल पाहिजे, थोडी असली तरी.

आणि आच्छादन! कोणीच कसं बोललं नाही अजून? वाळलेला पालापाचोळा, उसाचं पाचट किंवा चिपाड, नारळाच्या शेंड्या, जे मिळेल ते दोन इंच थर मातीवर पसरा. खोडाला चिकटवू नका, दोन बोटं जागा सोडा नाहीतर खोड कुजतं. एवढ्यानंच पाण्याच्या पाळीत मोठा फरक पडतो.

---

गच्चीवरची_जाई (नागपूर)

सगळ्यांचे खूप खूप आभार, इतकं सविस्तर कोणी सांगत नाही. आज पहाटेच वर जाऊन काडी घातली. तुळस आणि मोगरा एकदम ताजे उभे होते. गुलाबाच्या कुंडीत वरची दोन बोटं ओली, खाली कोकोपीट भुकटीसारखं कोरडं, माळीणताई म्हणाल्या तेच. जास्वंदीच्या दोन कुंड्यांत मात्र काडी पूर्ण चिखलाने माखून आली आणि एका कुंडीला थोडा कुबट वास आहे. तिची मान सकाळीही खालीच होती. ती वाचेल का? आणि पावसाळ्यापर्यंत माती बदलायची नाही म्हणता तर मग तिचं काय करू? अजून एक, गुलाबाच्या पानांच्या मागे बारीक जाळं दिसून राहिलं अन् पानावर पिवळे ठिपके.

---

वऱ्हाडी_बागवान (अकोला)

कुबट वास आला म्हणजे मुळं कुजायला लागली, ताई. कुंडी बदलू नका हा नियम बऱ्या झाडांसाठी, हिच्यासाठी थांबलात तर जाईल. संध्याकाळी ऊन उतरल्यावर झाड गड्ड्यासकट काढा. पांढरी-पिवळसर, कडक मुळं चांगली. तपकिरी, बोटाने दाबली की साल सुटून येणारी मुळं धुतलेल्या कात्रीने कापून टाका. मुळं कमी झाली म्हणजे वरचा भारही कमी करायला पाहिजे, म्हणून फांद्या तिसऱ्या हिश्श्याने छाटा, कळ्या-फुलं सगळी काढा, वाईट वाटलं तरी. तीच कुंडी वापरायची तर घासून धुवा, भोकं मोठी करा. माती निव्वळ काळी नको, निम्मी काळी, बाकी जाडी वाळू, कुजलेलं शेणखत आणि भाताचा तूस. तूस तर तुमच्याकडे भंडारा-गोंदियाच्या राईस मिलमधून सहज येत असेल. एकदा पाणी द्या, जिन्याजवळच्या सावलीत ठेवा आणि काडी कोरडी निघेपर्यंत परत पाणी नाही. पानांवर सकाळी थोडा फवारा चालेल. मुळं निम्मी जरी पांढरी असतील तर नवीन फूट येते जास्वंदीला, चिवट झाड आहे.

दुसऱ्या चिखलवाल्या कुंडीला वास नाही ना? मग तिला काढू नका, फक्त पाणी थांबवा, विटांवर ठेवा आणि खालच्या भोकातून तार घालून पहा, बहुतेक ते बुजलेलं असेल.

गुलाबावर लाल कोळी आहे, म्हणजे पानातला रस ओढणारी बारीक कीड. कोरड्या गरम हवेत तो भराभर वाढतो अन् तहानलेल्या झाडावर आधी बसतो. आधी गुलाब टबात ठेवून नीट पाणी पाजा, मग सकाळी लवकर पानांच्या मागच्या बाजूने पाण्याचा जोराचा फवारा, एक दिवसाआड, जाळं दिसायचं थांबेपर्यंत. कडुनिंबाचं तेल मारायचं तर ऊन गेल्यावरच, दुपारच्या तोंडावर तेल मारलेलं पान खरंच भाजतं.

---

खाडीवरचा (ठाणे)

मी ठाण्याचा आहे आणि हा धागा वाचून आमच्याकडचे लोकही दोन-दोन वेळा पाणी घालायला लागतील म्हणून लिहितोय. मुंबई-ठाणे-कोकणात पारा ३५ च्या आसपास, पण हवेत दमटपणा भरपूर, त्यामुळे माती नागपूरइतकी लवकर वाळत नाही. आमच्याकडे बाल्कनीतल्या बहुतेक कुंड्यांना एकदा पुरतं आणि स्नेक प्लांट, झीझी प्लांट यांना तर आठवड्यातून एकदा. संध्याकाळी पानं भिजवणं आमच्याकडे नको, रात्रभर ओली राहतात आणि बुरशीचे डाग पडतात. नागपूर-अकोल्याच्या कोरड्या हवेत ती लगेच वाळतात, तिथे चालतं.

आणि कुंडीत बर्फाचे खडे ठेवायचा व्हिडिओ फिरतोय सध्या, तो करू नका. तापलेल्या मातीत मुळांना एकदम धक्का बसतो आणि एक खडा वितळून मिळतं किती, दोन चमचे पाणी.

---

वाळवंटातली_तुळस (मस्कत)

इथे मस्कतला जून म्हणजे नळ उघडला की गरमच पाणी, टाक्या छतावर असतात. आम्ही उन्हाळ्यात गीझर बंद ठेवतो, त्याची टाकी घरात सावलीत असते, म्हणून गार पाणी गरम पाण्याच्या नळातून येतं. तुमच्याकडेही टाकी गच्चीवरच असेल तर रात्रीच दोन-तीन बादल्या भरून घरात ठेवा आणि पहाटे तेच द्या. तुळस मी मे ते सप्टेंबर पूर्वेच्या खिडकीत आणते, फक्त सकाळचं ऊन, छान राहते. मंजिऱ्या येतील तशा खुडा, बी धरलं की ती उन्हात लवकर वाळते.

---

ताडोबाकडचा (चंद्रपूर)

मधेच विचारतो, माफ करा. आम्हाला पुढच्या आठवड्यात लग्नाला जायचंय, पाच-सहा दिवस घर बंद, शेजारी पण गावाला. कुंड्या कशा ठेवायच्या? आमचा पारा सगळ्यांना माहीतच आहे.

---

मांजराकाठी (लातूर)

दादा, सगळ्या कुंड्या गच्चीवरून खाली उतरवा, हे पहिलं. उत्तर किंवा पूर्वेच्या गॅलरीत, नाहीतर खिडकी असलेल्या न्हाणीघरात, एकमेकींना खेटून ठेवा. ऊन गेलं की पाण्याची गरज निम्म्याहून कमी होते. निघायच्या आदल्या संध्याकाळी प्रत्येक कुंडी खालून निघेपर्यंत भिजवा आणि वर आच्छादन. मधोमध एका स्टुलावर पाण्याची बादली ठेवा, जुन्या सुती साडीच्या किंवा धोतराच्या पट्ट्या पिळून दोरीसारख्या करा, आधी पूर्ण ओल्या करा, एक टोक बादलीच्या तळाला, दुसरं कुंडीच्या मातीत तीन-चार बोटं खोल. बादली कुंडीपेक्षा उंच पाहिजे. नायलॉनची दोरी चालत नाही, ती पाणी ओढत नाही. बादलीवर ताट झाका.

जाण्याआधी दोन दिवस हे लावून बघा, कुठली पट्टी जास्त पाणी सोडती ते कळतं, मग ती बारीक करायची. कोरफड, अडेनियम, स्नेक प्लांटला पट्टी लावू नका, नुसते सावलीत ठेवा, आठवडाभर त्यांना काही होत नाही. आणि आल्या आल्या परत थेट गच्चीवर नेऊ नका, दोन दिवस सकाळच्या उन्हात ठेवून मग वर.